दुपट्ट्याखालचा हात

परवा दुपारी बाबांच्या खोलीतून मला हाक आली. "ये."

मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. हात पुसत निघालेसुद्धा. दारापर्यंत पोचल्यावर पाय थांबले, कारण आवाज माझाच होता. खोलीत कुणी नव्हतं. खाट भिंतीला उभी केलेली, स्टुलावर माझा जुना लॅपटॉप, खुंटीला बाबांचा दुपट्टा. कूलरच्या वाऱ्यानं त्याचं एक टोक उघडत होतं, मिटत होतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला तो उघडा पंजा वाटला. उघडा पंजा दिसला की "ये" म्हणायचं, हे त्याला मीच शिकवलेलं आहे, माझाच आवाज भरून.

बाबांना जाऊन वर्ष झालं. तो प्रोग्रॅम पुसायला अर्धं मिनिट लागतं. मी पुसदला पोरांना कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा मला जमत नाही असं म्हणायची सोय नाही. पुसत नाही, एवढंच. सुट्टीत नेरला घरी आले की स्वतःच तो चालू करते आणि मग दिवसभर दचकत बसते. आई म्हणते, "हौसेनं भूत पाळून राह्यली तू." ती काही खोटं बोलत नाही.

बाबा बैलबाजारात दलाल होते. बैलाचा सौदा तोंडानं होत नसतो. दोन दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. बाकीचं समोर उभ्या असलेल्या जनावरावरून समजून घ्यायचं. भोवती पन्नास माणसं असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. बाबा त्या वेळी आभाळाकडे पाहत राहायचे म्हणे. "म्हणे" अशासाठी, की मी ते कधी पाहिलं नाही. बैलबाजारात पोरीचं काय काम, असं आमच्याकडे सगळे म्हणत, आणि बाबाही त्या सगळ्यांतलेच होते.

घरीसुद्धा त्यांचे हात मोकळे दिसायचे नाहीत. जेवताना दिसतील तेवढेच. मी लहानपणापासून हातवारे करत बोलते, आणि ते त्यांना अजिबात खपत नसे. "हात खाली ठेवून सांग, माय," म्हणायचे. "झाकली मूठ सव्वा लाखाची." मला ते माय म्हणायचे. मायेला तोटा नव्हता. पण मी दहा-अकरा वर्षांची झाल्यावर त्यांनी कधी माझा हात धरल्याचं आठवत नाही. धरावा असं मलाही वाटलं नाही. हे मी आता लिहिते आहे, तेव्हा खरंच वाटलं नव्हतं का कोण जाणे.

मागच्या वर्षी थंडीत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, बोलता येणार नाही. मी कॉलेजातून लांबलचक रजा काढून आले. आई धडधाकट होती, पण ती एकटी किती वेळ खाटेपाशी बसणार? शिवाय बाबांना काय हवं ते कळायला मार्ग नव्हता. पाणी दिलं तर तोंड फिरवत, पाणी नाही दिलं तर डोळे वटारत.

तेव्हा माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं. हाताच्या खुणा ओळखणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळतात. कॅमेऱ्यासमोर हात धरला की पडद्यावर त्या हातावर एकवीस ठिपके उमटतात. मनगटाला एक, प्रत्येक बोटाला चार. ठिपक्यांच्या जागांवरून मशीन ठरवतं, पंजा उघडा आहे, मूठ आहे की दोन बोटं वर आहेत. मी चार खुणा ठरवल्या. उघडा पंजा म्हणजे ये. मूठ म्हणजे पाणी. दोन बोटं म्हणजे लघवीला. अंगठा म्हणजे बरं आहे. खूण दिसली की लॅपटॉपनं मोठ्यानं बोलायचं, म्हणजे आई घरात कुठंही असली तरी तिला ऐकू जाईल. मशीनचा स्वतःचा मराठी आवाज एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा होता, आईला त्यातलं ओ की ठो कळेना. म्हणून मी माझा आवाज भरला.

सगळं झालं, आणि बाबा हात काढेनात. डावा हात दुपट्ट्याखाली, दुपट्टा छातीवर आणि नजर छताला.

"बाबा, हात बाहेर काढा ना थोडा."

छत.

"तुमच्यासाठीच करून राह्यली मी हे. पाणी पाहिजे तर मूठ करायची. इतकं साधं आहे."

डोळे मिटले. मला राग पटकन येतो. एकदा मी दुपट्टा ओढून काढला. त्यांनी हात पाठीखाली सारला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं दुपट्टा परत अंगावर घातला. आई दारातून म्हणाली, "कपडे उतरवल्यासारखं कायले करतेस त्यायले?" मी तिच्यावर ओरडले. ओरडले कारण तिचं बरोबर होतं.

मशीनला शिकवायला हाताचे पुष्कळ फोटो लागतात. बाबा देईनात, तेव्हा मी काय केलं, आई त्यांना मोरीत खुर्चीवर बसवून अंघोळ घालत असायची तेव्हा त्यांच्या खाटेवर मी आडवी व्हायचे आणि माझा डावा हात कॅमेऱ्याला दाखवायचे. पंजा, मूठ, दोन बोटं. पंजा, मूठ, दोन बोटं. चार दिवसांत मशीनला माझा हात पाठ झाला. बाबांचा हात त्यानं एकदाही धड पाहिला नव्हता. मग त्यांनी चुकून एखादं बोट जरी बाहेर काढलं तरी ओळखावं म्हणून मी खात्रीची मर्यादा खाली आणली. म्हणजे मशीनला सांगितलं, पुरतं पटलं नाही तरी चालेल, अर्धवट वाटलं तरी बोल.

आणि ते बोलायला लागलं. दुपट्ट्याचं टोक खाटेवरून लोंबायचं, कूलरच्या वाऱ्यानं फडफडायचं, आणि मशीन म्हणायचं, "ये." पहिल्या दिवशी आई सात वेळा धावली. दुसऱ्या दिवशी तीन वेळा. चौथ्या दिवशी ती तांदूळ निवडत बसल्या जागेवरून म्हणाली, "बोंबलू दे त्याले. लांडगा आला रे आला झालं हे." मी दुपट्ट्याचं टोक खाटेखाली खोचायचे, बाबा ते डाव्या हातानं परत काढायचे. उन्हाळा चढत होता, कूलर बंद ठेवणं शक्य नव्हतं. दिवसभर घरात माझा आवाज "ये, ये" करत फिरायचा. कधी मी अंगणात असायचे आणि आतून माझीच हाक यायची. मी ओ द्यायचे, मग स्वतःलाच हसायचे.

एप्रिलात एक दिवस चाचा आले. ते बाबांचे बाजारातले जोडीदार, नेरातलेच. बाबा विकणाऱ्याकडून उभे राहत, चाचा घेणाऱ्याकडून. चाळीस वर्षं दोघांनी दुपट्ट्याखाली एकमेकांचे हात धरले होते, आणि बाहेर एकमेकांना शिव्या दिल्या होत्या. स्वतः गुडघ्यानं अधू, काठी टेकत आले. खाटेशी बसले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "हे काय लावून ठेवलं, बेटा?"

मी मोठ्या ऐटीत दाखवलं. माझा हात धरला, पडद्यावर ठिपके उमटले, लॅपटॉप "ये" म्हणाला.

"अन् याले हात कसा समजते?"

"कॅमेऱ्यातून दिसतो ना, चाचा."

"दिसते." ते थोडं हसले. "बेटा, आमचा हात पाह्याची चीज नाही. धरायची चीज हाय."

आणि काही न विचारता त्यांनी दुपट्टा उचलून आपला हात आत घातला. मी पाहतच राहिले. बाबांचा चेहरा इतके महिने लाकडासारखा होता. त्या चेहऱ्याची डावी बाजू हलायला लागली. दुपट्टा जरा वर व्हायचा, खाली बसायचा. चाचा आढ्याकडे पाहत होते, बाबाही आढ्याकडे. मध्येच बाबांच्या घशातून खर्र असा आवाज आला. मी घाबरून उठले, तर ते हसत होते. पडद्यावर पूर्ण वेळ एकही ठिपका उमटला नाही. मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला.

चाचा निघाले तेव्हा मी त्यांना दाराबाहेर ओट्यावर गाठलं. "काय म्हणाले बाबा?"

"ते सांगत नसतेत. दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखाली."

"अहो चाचा, आजारी माणूस आहे तो. काही दुखतंय, काही खायचंय, तेवढं तरी सांगा."

"उजव्या हातानं बोलणारा माणूस, डाव्यानं तोतरा बोलून राह्यला. पण बोलून राह्यला." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "मले कायले विचारतेस? तूच दे ना हात एकदा."

"मला नाही येत ते."

"मंग आम्ही काय शाळेत शिकलो?"

मी हात दिला नाही. तीन आठवडे दिला नाही. का, तर लाज वाटत होती. चाळिशीला आलेल्या बाईला बापाचा हात धरायची लाज वाटते, हे लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतंय. रोज त्यांचं अंग पुसत होते, लघवीचं भांडं धरत होते, त्यात काही वाटत नव्हतं. ते काम होतं. नुसता हात धरून बसणं हे काम नव्हतं. मी प्रोग्रॅम दुरुस्त करत बसायचे, बाबांकडे पाठ करून.

मे महिन्यात माझी रजा संपली. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि मला हजर होणं भाग होतं. परीक्षा दोन दिवसांनी होती, तरी मी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरवलं. म्हटलं, आदल्या दिवशी लॅब तपासून घेऊ. खरं म्हणजे मी घराला विटले होते. आई बाबांच्या खाटेपाशीच उभी राहून म्हणाली, "एक दिवस उशिरा गेली तर का परीक्षा पळून जाते?"

"तुला काही समजतं का त्यातलं?" मी म्हटलं. बॅग दारात नेऊन उभी केली आणि ऑटोवाल्याला फोन केला.

मग बाबांचा निरोप घ्यायला खाटेशी आले. "येते बाबा. चार दिवसांनी आलीच."

त्यांनी दुपट्ट्याची कड वर उचलली. फक्त कड, चार बोटं. आणि छताकडे पाहायला लागले.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी खाली बसले आणि हात आत घातला. त्यांचा हात कोरडा आणि ऊन होता. आधी त्यांनी माझा सगळा हात चाचपला, पारखल्यासारखा. मग बाकीची बोटं सोडून दिली आणि पहिलं बोट तेवढं धरलं. दाबलं. थांबले. सोडलं. परत धरलं, दाबलं, थांबले. असं तीनदा.

मी काय केलं, तर हात अगदी स्थिर ठेवला. पोरांना मी हेच शिकवते, कॅमेरा हलला की वाचता येत नाही. मी श्वाससुद्धा रोखला होता. मला ते समजून घ्यायचं होतं. बाहेर ऑटोनं हॉर्न दिला. बाबांनी बोट सोडलं. त्यांचा हात माझ्या हाताशेजारी नुसता पडून राहिला आणि नजर छतावरच होती. मी दुपट्टा नीट केला, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि पंजा उघडून दाखवला. "काही लागलं तर असं करायचं, बाबा. असं." आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये मशीनं तपासत असताना आईचा फोन आला. ती नुसती माझं नाव घेत होती, पुढे काही बोलेना. दिग्रस, आर्णी, यवतमाळ करत नेरला पोचेपर्यंत घरासमोर सतरंज्या पसरून झाल्या होत्या.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम प्रत्येक खुणेची वेळ एका फाइलीत लिहून ठेवतो. शेवटच्या दुपारी ओळीनं अकरा वेळा "ये" होतं. अर्ध्या तासात अकरा. मीच स्वतःला समजावलं, कूलर असेल, दुपट्टा असेल. रोजचंच होतं ते.

पण लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली होती, म्हणून मी प्रत्येक ओळीपुढे लाईट आहे की बॅटरी, हेही लिहून घेत असे. त्या अकराही ओळींपुढे बॅटरी लिहिलेलं होतं. म्हणजे लाईट गेलेली होती. म्हणजे कूलर बंद होता. मी मागची सगळी फाइल पाहिली, पहिल्या दिवसापासून. लाईट नसताना मशीननं एकदाही "ये" म्हटलेलं नव्हतं. एकदाही नाही.

आईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी दुपारी लाईट गेली होती का गं.

"गेली ना. आत भट्टी झालती नुसती, झाडाचं पान हालत नव्हतं. त्यायचा डोळा लागला असं वाटलं, म्हणून मी मागं कडुलिंबाखाली जाऊन बसली." ती चहा गाळत होती. "तुझं मशीन मात्र बोंबलत होतं. येऽ येऽ."

मी चहा घेतला. तिला काही सांगितलं नाही, आजतागायत नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात चारचौघांसमोर पंजा उघडला नाही, त्यानं तो अकरा वेळा उघडला. घर माझ्या आवाजात हाका मारत राहिलं. आणि जिनं ऐकलं तिला वाटलं, दुपट्टा हलला. हे तिला सांगून मी काय मिळवणार? कपाळावर हात मारून घ्यायचा तो माझा मी घेतला. कूलर चालू असताना मशीन "ये" म्हणालं, तर मी अजूनही दारापर्यंत जाते. कूलर बंद असताना ते कधी बोललं, तर काय करायचं, हे मला माहीत नाही.

तेरवीनंतर चार दिवसांनी चाचा आले. ओट्यावर बसले. मी आतून दुपट्टा घेऊन आले आणि त्यांच्यासमोर बसले.

"चाचा, एक विचारायचं आहे. तोंडानं विचारता येत नाही."

त्यांनी दुपट्ट्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. समोरच्या दुकानात दोन-तीन माणसं होती. बाईमाणसाचा हात दुपट्ट्याखाली, हे त्यांनीही कधी केलं नसणार. तरी त्यांनी हात पुढे केला. मी वर दुपट्टा टाकला. त्यांची बाकीची बोटं सोडून पहिलं बोट धरलं. दाबलं, थांबले, सोडलं. तीनदा.

चाचा आभाळाकडे पाहत होते. "कधी दिलं त्यानं हे?"

"मी पुसदला निघाले त्या सकाळी."

"मंग तू काय दिलं?"

"काही नाही. हात हलवला नाही मी. कळावं म्हणून."

त्यांनी दुपट्ट्याखालून हात काढला नाही. "बेटा, पहिला हात मागते. दुसऱ्या हातानं परत दाबलं तर हो." ते हळू आवाजात म्हणाले. "गप हात म्हणजे नाही."

"तीनदा मागितलं त्यांनी."

"तीनदाच मागत असतेत. मंग सौदा मोडला."

"पण काय मागत होते ते?"

"एक."

"एक काय, चाचा?"

"ते बोटात नसते. समोर काय उभं हाय, त्यावरून समजून घ्या लागते." त्यांनी पहिल्यांदा आभाळावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "त्या टायमाले तुमच्या दोघाईच्या समोर काय उभं होतं?"

मी दाराकडे पाहिलं. त्या सकाळी तिथं माझी बॅग उभी होती, एक दिवस आधीच भरलेली.